दुधावरची मंडळी



माझ्या चुलतभावाला त्याच्या पाळकानं भर रविवारच्या उपासनेत दूधपितं पोर ठरवलं. पोरगा एकोणतीस वर्षांचा आहे. मिशनच्या शाळेत शिकला, एम. एस्सी. झाला, आता तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर राबतो. त्याचा गुन्हा एवढाच, की शेजारच्या गावात एका मातंग म्हाताऱ्याचं प्रेत गावच्या मसणवट्यात जाळू दिलं नाही, म्हणून तहसील कचेरीवर मोर्चा निघाला आणि हा गडी त्यात निळ्या झेंड्याखाली चालला. रविवारी पाळकसाहेबांनी नाव न घेता सुनावलं. काही तरुण अजून दुधावर आहेत, त्यांची आत्मिक वाढ झालेली नाही, प्रौढ ख्रिस्ती रस्त्यावर ओरडत नसतो, गुडघे टेकतो. मंडळीनं माना डोलावल्या. दोन म्हाताऱ्यांनी मागं वळून त्याच्याकडं पाहिलं म्हणे.

आमचं घर पणजोबाच्या पिढीत दुभंगलं. थोरला नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या आवारात गेला. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे, त्या आवाराची कळा आहे तीच आहे.) धाकट्याच्या पोरांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली. म्हणून मी विहारात आणि हा चर्चात. लग्नाकार्याला आम्ही एकत्र, मयतीला एकत्र, प्रार्थनेला वेगळे.

त्यानं हे सांगितलं तेव्हा मी कार्यकर्त्याच्या खाक्यात म्हणालो, "सोड ते देऊळ. ये इकडं." तो शांतपणे म्हणाला, "दादा, आधी पुस्तक वाच, मग बोलव. ज्या पुस्तकातून त्यांनी मला दुधावर बसवलं, त्याच पुस्तकात ते स्वतः कुठं बसतात ते बघ."

मी वाचलं. आणि खरं सांगतो, डोकं भणाणलं.

पाळकसाहेबांची प्रौढ माणसाची यादी आधी बघा. पहाटे पाचची प्रार्थना. शुक्रवारचा उपास. दशमांश वेळेवर. वाद नाही. साहेबापुढं, सरकारापुढं मान खाली. कुणी थोबाडीत मारली तर क्षमा. ही सगळी यादी एकट्या माणसाची आहे, ध्यानात घ्या. शेजारी कोण बसलंय, तो कुणाच्या ताटात जेवतो, कुठं पुरला जातो, पोरगी कुणाला देतो, यातलं एक अक्षर त्या यादीत नाही.

आता मूळ पत्र. दूध आणि जड अन्न हा दाखला पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिताना दिला. करिंथ म्हणजे रोमनांनी इ. स. पूर्व १४६ मध्ये बेचिराख केलेलं आणि इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरनं पुन्हा वसवलेलं बंदर. वसवायला जी माणसं आणली त्यात गुलामीतून सुटलेले पुष्कळ होते. म्हणजे मंडळीत गुलाम, सुटलेले गुलाम, हमाल, कारागीर आणि वर दोन-चार गब्बर घरमालक, ज्यांच्या वाड्यात उपासना भरायची. ही मंडळी काही कमी धार्मिक नव्हती. अन्य भाषा बोलत होती, संदेश देत होती, ज्ञानाच्या गप्पा हाणत होती. आजच्या हिशेबानं एकदम 'आत्म्यानं भरलेली' मंडळी. तरी पौल त्यांना बाळं म्हणतो. का? तर त्यांच्यात तट पडले होते, हेवा होता, मी अमक्याचा आणि तू तमक्याचा चाललं होतं म्हणून. मोर्चाला गेले म्हणून नाही!

आणि त्याच पत्रात पुढं प्रभुभोजनाची भानगड येते. रोमन वाड्यातल्या जेवणाच्या दालनात आठ-दहा माणसं टेकून बसायची. बाकीची बाहेरच्या चौकात. पैसेवाले लवकर यायचे, आपलं आणलेलं खायचे, प्यायचे, तर्र व्हायचे. दिवसभर राबून गुलाम आणि हमाल येईपर्यंत ताटं रिकामी. ख्रिस्ताच्या नावानं मांडलेल्या जेवणात एक उपाशी आणि एक झिंगलेला. पौल त्यांना सरळ सांगतो, तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजनच नव्हे. प्रार्थना झाली असेल, भाकर मोडली असेल, तरी नव्हे.

गावजेवणात उकिरड्याजवळ पंगत बसवलेल्या माणसाच्या नातवाला हे दालन आणि हा चौक समजावून सांगावा लागत नाही.

पौलाला मी डोक्यावर घेणार नाही. याच पत्रात तो पैसेवाल्यांना म्हणतो, भूक लागली तर घरी खाऊन या. वाटून खा असं नाही म्हणाला! मालकाच्या वाड्यात सभा भरते, मालकाला किती दुखवायचं, हे गणित त्यालाही सुटलं नाही. गुलामांनी मालकाचं ऐकावं असंही त्याच्या नावाच्या पत्रांत आहे, आणि ती वचनं अमेरिकेतल्या मळेवाल्यांनी शेकडो वर्षं काळ्या पाठीवर चाबकासारखी वापरली. पण मोजपट्टी तरी त्यानं ठेवली, आणि ती ताटाची आहे.

दुसरी गोष्ट अंत्युखियातली. पेत्र म्हणजे बारांतला पहिला. तो तिथं सुंता न झालेल्यांबरोबर जेवत होता. मग यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसं आली. पेत्र घाबरला, हळूच उठला, वेगळा बसला. त्याचं बघून बर्णबाही उठला. पौलानं सगळ्यांसमोर, तोंडावर त्याला धरलं. येशूच्या मांडीला मांडी लावून बसलेला, चमत्कार केलेला, तुरुंग भोगलेला माणूस. आत्मिक अनुभवात त्याच्यापुढं कोण जाणार? पण पाहुणे आल्यावर त्याची पंगत बदलली, आणि तिथं तो पकडला गेला.

आपल्याकडं असले पेत्र पायलीला पन्नास आहेत. शहरात एका ताटात जेवणारे, गावाकडचा चुलता आला की ताट बाजूला सारणारे.

आता भिंतीचं सांगतो, कारण खरी आग तिथं लागते. यरुशलेमच्या मंदिरात एक दगडी कठडा होता. त्याच्या अलीकडं परक्यांनी थांबायचं. कठड्यावर ग्रीक भाषेत पाट्या होत्या, की परका आत शिरला तर जीव जाईल आणि दोष त्याचा त्यालाच. दंतकथा नाही ही. तसली एक अख्खी पाटी १८७१ साली यरुशलेममध्ये सापडली, आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. इफिसच्या त्रफिमाला या कठड्याच्या आत नेलं, असा आळ पौलावर आला, जमाव त्याला मारायला उठला आणि शिपायांनी त्याला साखळदंडात घातलं. आणि इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात (ते पौलाचं की त्याच्या शिष्याचं यावर पंडित भांडतात, भांडू देत) ख्रिस्तानं मधली आडभिंत पाडली असं लिहिलंय. त्याच पत्रात पुढं प्रौढ माणसाचा विषय येतो. तिथला प्रौढ माणूस एकटादुकटा नाही. सगळे मिळून एक देह, आणि त्या अख्ख्या देहानं वाढून एक पुरता माणूस व्हायचं. एक हात वाढला आणि एक पाय वाळला तर त्याला कुणी प्रौढ म्हणत नाही, डॉक्टरकडं नेतात.

२ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढं आपली माणसं उभी राहिली, तेव्हा तिथं पाटी नव्हती. पाटीची गरजच नव्हती.

ही आडभिंत हिंदुस्थानातल्या चर्चात कुणी बांधली? १६०६ मध्ये रोबेर्तो द नोबिली नावाचा इटालियन जेझुइट मदुरैला आला. ब्राह्मण संन्याशासारखा राहिला, खालच्या मानलेल्या जातींतल्या ख्रिस्त्यांपासून अंतर ठेवून वागला, म्हणजे वरच्यांना बाप्तिस्मा घ्यायला अडचण नको. रोममध्ये वाद गेला. १६२३ मध्ये पोप पंधरावा ग्रेगरी यानं निवाडा दिला, जानवं आणि शेंडी चालेल, फक्त त्यातली अंधश्रद्धा काढा. जानव्यातून जात कशी काढतात ते मात्र पोपसाहेबांनी सांगितलं नाही. उलट बाजूचंही सांगतो. १८३३ मध्ये कलकत्त्याचा अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यानं दक्षिणेतल्या मंडळ्यांना बजावलं, जात सोडा, आत्ताच्या आत्ता सोडा. तंजावरकडच्या कित्येकांनी चर्च सोडलं. जात नाही सोडली.

तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर भागातल्या कॅथलिक कबरस्तानात दलितांची थडगी वेगळी पाडणारी भिंत होती. तिच्याविरुद्ध आंदोलनं झाली. मेल्यावरसुद्धा! किड्यांना कळत नाही कुणाचं मांस कुठल्या जातीचं, म्हणून पाद्रीबाबांनी विटा रचून सांगितलं. आणि विल्लुपुरम भागातलं एरैयूर. तिथं दलित कॅथलिकांची अंत्ययात्रा मुख्य रस्त्यानं थोरल्या चर्चापर्यंत नेऊ देत नव्हते. दलितांनी आपला स्वतंत्र पॅरिश मागितला. मार्च २००८ मध्ये वन्नियार कॅथलिकांनी त्यांच्या वस्तीवर हल्ला केला, पोलिसांनी गोळीबार केला, दोन माणसं मेली. मारणारे ख्रिस्ती, मार खाणारे ख्रिस्ती, दोघांच्या गळ्यात तोच क्रूस.

यातल्या किती जणांची पहाटेची प्रार्थना चुकत होती? माझी पैज आहे, कुणाचीच नाही.

बाबासाहेबांनी हे फार आधी हेरलं होतं. जानेवारी १९३८ मध्ये सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढं बोलताना त्यांनी ख्रिस्ताबद्दल आदर ठेवूनच दक्षिणेतल्या चर्चांतल्या जातीचा विषय काढला होता. पुढं धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांनी जे लिहिलं, ते सरकारनं इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात १९८९ साली छापलं. कार्यकर्त्यांनो, तो खंड फक्त कपाटात ठेवू नका. त्यात बाबासाहेब मुळावर बोट ठेवतात. माणूस पडला तो त्याच्या मूळ पापामुळं, अशी शिकवण दिली, की अस्पृश्याला वाटतं खोट आपल्यातच आहे. ज्या परिस्थितीनं, ज्या अन्यायानं त्याला पाडलं, तिच्याकडं त्याची नजरच जात नाही. तो क्षमा मागत बसतो. ज्यानं त्याची विहीर बंद केली त्याच्याकडून हिशेब मागत नाही.

पाळकसाहेब प्रौढपणा म्हणतात तो हाच. पिढ्यान्‌पिढ्या येसकराला शिकवलेला जोहार, फक्त आता आमेन म्हणून.

असली शिकवण फक्त आपल्याकडं देतात असंही नाही. एप्रिल १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते, तेव्हा तिथल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी पत्रक काढून सबुरीचा सल्ला दिला होता. किंग स्वतः पाळक. त्यांनी कोठडीतून लांबलचक उत्तर लिहिलं, आणि त्यातला सगळ्यात तीक्ष्ण भाग सबुरी शिकवणाऱ्या भल्या गोऱ्या माणसावर आहे.

आता चर्चची दोन तोंडं बघा. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीतून बाहेर काढलं. १९५६ मध्ये शिखांना घेतलं, १९९० मध्ये आपल्याला, म्हणजे बौद्धांना घेतलं. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. सूसै नावाचा आदि-द्रविड चांभार मद्रासच्या रस्त्यावर जोडे शिवायचा. सरकारनं तिथल्या चांभारांना फुकट टपऱ्या वाटल्या, याला दिली नाही, कारण हा ख्रिस्ती. रापी तीच, फूटपाथ तोच. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये सांगितलं, ख्रिस्ती झाल्यावरही तेवढीच तीव्र जात उरते हे सिद्ध करा. नोव्हेंबर २०२४ मध्येही त्याच न्यायालयानं बाप्तिस्मा घेतलेल्या एका बाईचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. चर्चचे पुढारी दिल्लीत जाऊन सांगतात, आमच्यात जात आहे हो, आमच्या दलितांना सवलती द्या. मागणी रास्तच आहे, आपण तिच्या बाजूनं उभं राहिलं पाहिजे. दलित ख्रिस्त्याला 'सवलतीला मुकलेला मूर्ख' म्हणून हसणाऱ्या आपल्या पोरांची मला शरम वाटते. पण हेच पुढारी रविवारी मंडळीला सांगतात, ख्रिस्तात जात नाही, हा विषय काढू नका, फूट पडते. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं डिसेंबर २०१६ च्या धोरणात चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे लिहून कबूल केलं. १९८१ मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी ब्राह्मणी वळणाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञानावर बोट ठेवलं, त्यालाही चाळीस वर्षं उलटून गेली. तालुक्याच्या व्यासपीठापर्यंत यातलं काही पोचत नाही.

मराठीतच एक बाई आहे, तिचं नाव हे लोक फार घेतात आणि मुद्द्याचं विसरतात. लक्ष्मीबाई टिळक. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला तेव्हा ही सोवळ्याओवळ्यात रुतलेली ब्राह्मणाची बाई. पाणी वेगळं, चूल वेगळी. 'स्मृतिचित्रे' वाचा. जाती देवानं केल्या नाहीत, माणसानं केल्या, हे तिच्या डोक्यात आधी पटलं. कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं तिनं आधी ठरवलं. बाप्तिस्मा मागून आला. घोटभर पाण्यानं तिची वाढ झाली, डोक्यावरच्या पाण्यानं नाही. ब्राह्मणाची म्हणून तिचं कौतुक झालं, आमच्या आज्यांचं झालं नाही, हा राग माझ्या पोटात आहेच. तरी बाईचं खरं ते खरं.

आता भावाच्या मंडळीत या. तिथं पूर्वी एकच प्याला फिरायचा. मग छोटे छोटे पेले आले. कारण आरोग्याचं सांगितलं. म्हाताऱ्या हळूच वेगळं सांगतात. त्या साली शेजारच्या वस्तीतली चार-पाच मांग घरं मंडळीत यायला लागली होती. पुढं त्यांची मंडळीच वेगळी झाली. एक मैलाचं अंतर. तेच 'उपासना संगीत', तेच बायबल, तोच पंथ. इकडं पूर्वाश्रमीचे महार, तिकडं पूर्वाश्रमीचे मांग. पूर्वाश्रमीचे म्हणे!

आणि पोराचं मन बसलंय तिकडच्या एका मुलीवर. नर्स आहे. दोघांची घरं ख्रिस्ती, दोघांचा बाप्तिस्मा झालेला, दोघं संडे स्कूलमध्ये शिकवतात. पंच-कमिटीनं सांगितलं, घाई नको, प्रार्थना करा. वर्ष झालं. पाळकसाहेब लग्नाची पुकार करायला तयार नाहीत. मोर्चाचं निमित्त होतं, दोस्तांनो. दूधपितं पोर तो त्या दिवशी नाही ठरला, वर्षापूर्वीच ठरला होता.

मी पुन्हा चिडून म्हणालो, "बघ, म्हणून म्हणतो विहारात ये." तेव्हा तो हसला. "दादा, तुझ्या विहारात मांगाची पोरं किती येतात? तुमच्या कमिटीत एक तरी आहे? तुझ्या बहिणीसाठी स्थळं बघताय, त्यात एक तरी मातंग पोरगा आहे?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ आहेत. घरी आईपुढं हा विषय काढला तर ती म्हणाली, "आपलं आपल्यात बरं." याच वाक्यावर करिंथची मंडळी वेगळ्या दालनात बसली होती. आईला मी काय सांगितलं ते इथं लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही.

त्या दोघांनी आता स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली नोटीस दिलीय. तीस दिवस ती कचेरीच्या भिंतीवर राहील. येणारा-जाणारा वाचतो, दोन जण फोटो काढून घेऊन गेले. मुलीच्या भावाला फोन आलेत. त्या दिवशी कचेरीपाशी शंभर-दीडशे माणूस उभं पाहिजे, आपलं आणि मातंग वस्तीतलंही. निळे झेंडे आणा, घोषणा कमी द्या.

सह्यांना तीन साक्षीदार लागतात. एक मी. दुसरी मुलीच्या वॉर्डातली सिस्टर. तिसऱ्या जागी पाळकसाहेबांनी यावं असं भावाचं म्हणणं आहे. तो स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगून आला. चहा झाला, प्रार्थना झाली. सहीचं काही बोलले नाहीत. जागा अजून कोरी ठेवलीय.